नाणेपारख (भाग 9) : डबीवरचा आकडा

गेल्या दोन भागांत ढाळीव खोटी नाणी कशी ओळखायची ते पाहिलं. वजन, कड, पृष्ठभागावरचे बुडबुड्यांचे बारीक खड्डे. त्यावर साहजिक येणारा प्रश्न असा, की नाणं आधीच कुणीतरी तपासून, ग्रेड देऊन, सीलबंद प्लास्टिकच्या डबीत घालून विकायला ठेवलं असेल, तर ही उठाठेव आपण कशाला करायची? डबीवर होलोग्राम आहे, बारकोड आहे, ‘एमएस 66’ असा रुबाबदार आकडा आहे. फक्त कंपनीचं नाव आपण कधी ऐकलेलं नाही.

या डबीला बाजारात स्लॅब म्हणतात. स्लॅबमध्ये नाणं गेलं की आपल्या हाताबाहेर जातं, आणि आपण शिकलेल्या निम्म्या चाचण्या तिथेच बाद होतात. सहाव्या जॉर्जचा 1939 चा रुपया घ्या. दुर्मीळ, म्हणून त्याच्या नकला मुबलक. लबाडीची एक सोपी वाट म्हणजे चाळीसच्या दशकातला स्वस्त रुपया घेऊन त्यावरचं साल बदलायचं. 1939 चा रुपया 917 टंच चांदीचा, 1940 पासून चांदी निम्म्यावर आली, पण वजन 11.66 ग्रॅमच ठेवलं. त्यामुळे नुसता काटा काही बोलत नाही. तोच रुपया दोऱ्याला टांगून पाण्यात तोलला की बोलायला लागतो: 917 चांदीचा रुपया पाण्यात साधारण 1.13 ग्रॅमने हलका होतो, निम्म्या चांदीचा 1.22 ग्रॅमच्या आसपास. शिवाय पुढच्या बऱ्याच रुपयांच्या कडेला दात्यांच्या मधोमध नक्षीची खाच आली. स्लॅबमधलं नाणं पाण्यात तोलता येत नाही, आणि त्याची कड बहुधा प्लास्टिकच्या कड्यात दडलेली असते. थोडक्यात, स्लॅब करणारा आपल्याला सांगतो की तुम्ही तपासू नका, मी तपासलंय. आता पारख नाण्याची राहिली नाही, त्याच्या शब्दाची झाली. शब्द खोटा पडल्यावर चाट कोणाच्या खिशाला बसते, एवढंच मग बघायचं.

हा धंदा अमेरिकेत जन्मला, आणि कशासाठी जन्मला ते कळलं की अनोळखी कंपनीला काय विचारायचं तेही कळतं. 1 ते 70 हे आकडे विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाचे. 1949 साली त्याने जुन्या अमेरिकन तांब्याच्या सेंटवर पुस्तक लिहिलं आणि त्यात ही मोजपट्टी मांडली. हिशेब सरळ भावाचा होता: 1 ग्रेडच्या सेंटला जो भाव, त्याच्या सत्तरपट 70 च्या सेंटला. तो हिशेब लवकरच कोलमडला, आकडे मात्र राहिले, आणि पुढे अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने ते सगळ्या नाण्यांसाठी उचलले. त्याच संस्थेने 1972 मध्ये ‘अनॅक्स’ ही नाण्यांची सत्यता तपासणारी सेवा काढली आणि 1979 पासून ग्रेडही द्यायला सुरुवात केली. नाण्याच्या फोटोसह प्रमाणपत्र मिळायचं. कागद एकीकडे, नाणं दुसरीकडे. चांगल्या नाण्याचा कागद हलक्या नाण्याला जोडायला काय लागतं?

तोवर बाजारात रीत अशी, की विकत घेताना डीलरला नाण्यावर झीज दिसायची आणि विकताना तेच नाणं कोरं करकरीत व्हायचं. 1986 मध्ये पीसीजीएस ही ग्रेडिंग कंपनी आली, 1987 मध्ये एनजीसी. या दोघांनी नाणं आणि ग्रेड एकाच सीलबंद डबीत बंद केलं, ते सगळ्यांना दिसतं. माझ्या मते डबी ही त्यातली दुय्यम गोष्ट. खरी करामत दोन ठिकाणी होती. एक, नाणं खोटं निघालं किंवा ग्रेड चढा निघाला तर भरपाईची लेखी हमी. दोन, त्या ग्रेडचं नाणं न बघता ठरल्या भावाने घ्यायला तयार असलेले डीलर. कंपनीच्या आकड्यावर दुसरा कुणीतरी स्वतःचे पैसे लावत होता. पुढे छोट्या कंपन्यांनी डबी उचलली, होलोग्राम उचलला, आकडे उचलले. या दोन गोष्टी मात्र उचलायला महाग पडतात. डबी, सील करायचं यंत्र आणि लेबलचा प्रिंटर एवढ्यावर दुकान उघडतं. नाण्याला ग्रेड द्यायला ना अमेरिकेत सरकारी परवाना लागतो ना आपल्याकडे.

मोठ्यांचं सगळं सोन्यासारखं आहे असंही समजू नका. 1990 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पीसीजीएसच्या जाहिरातींवर बोट ठेवलं. आमचं ग्रेडिंग वस्तुनिष्ठ आणि एकसारखं असतं, हा दावा वाजवीपेक्षा जास्त असल्याचं कमिशनचं म्हणणं होतं. प्रकरण तडजोडीने मिटलं. 2003 मध्ये ‘कॉइन वर्ल्ड’ या अमेरिकन साप्ताहिकाने तीच ती नाणी एकामागून एक वेगवेगळ्या कंपन्यांकडे पाठवून पाहिली, तर ग्रेड जुळेनात. मुरलेले लोक स्लॅब फोडून तेच नाणं पुन्हा पाठवतात, या वेळी एक आकडा वर मिळेल या आशेने. 65 आणि 66 मध्ये भावाची मोठी उडी असेल तर दोन-तीनदा फी भरूनही परवडतं. मग दिलेला ग्रेड खरंच त्या ग्रेडला शोभतो का, हे बघून स्लॅबवर हिरवं स्टिकर लावणारी ‘सीएसी’ ही आणखी एक कंपनी 2007 मध्ये निघाली. पारखणाऱ्याला पारखणारा! तेव्हा एखाद्या आकड्याचा फरक पडला म्हणून छोट्या कंपनीला लबाड ठरवू नये. चूक सगळ्यांची होते. चूक झाल्यावर काय होतं, ते विचारायचं.

म्हणून पहिल्यांदा हमीचा मजकूर मागवा आणि सावकाश वाचा. ‘आमचे तज्ज्ञ काळजीपूर्वक तपासणी करतात’ ही हमी नव्हे, ती बोलाची कढी आहे. भरपाई रोख की पुढच्या फीमध्ये सूट? भाव कोणत्या दिवसाचा धरणार? नाणं खोटं आहे हे ठरवणार कोण, कंपनी स्वतःच? हमी फक्त नाणं पाठवणाऱ्याला, की पुढे विकत घेणाऱ्यालाही? शेवटच्या प्रश्नावर बरेच जण अडखळतात, आणि डबीतलं नाणं विकत घेणारे आपण नेमके ‘पुढे विकत घेणारे’ असतो.

त्यानंतर कंपनी ‘नाही’ म्हणते का ते पाहा. जगातल्या जुन्या नाण्यांत घासलेली, पॉलिश केलेली, टाका घातलेली, कडी लावून दागिन्यात वापरलेली नाणी ढिगाने आहेत. आपल्याकडे तर रुपयाचा हार करायची पद्धतच होती, त्यामुळे कडीचा टाका काढून गुळगुळीत केलेली कड नेहमी भेटते. अशा नाण्याला प्रामाणिक कंपनी आकडा देत नाही. ‘साफ केलेलं’ किंवा ‘टाका काढलेला’ असं लेबलवर लिहिते, खोटं असेल तर परत पाठवते. ज्या कंपनीच्या वीस-पंचवीस डब्या समोर मांडल्यावर त्यात असं एकही लेबल दिसत नाही आणि सगळीच नाणी 65 च्या वर आहेत, तिथे ग्रेडर काम करतोय की विक्रेता, याचा अंदाज तुम्हीच करा. बऱ्याचदा दोघे एकच असतात. ग्रेड देणारा स्वतः नाणी विकत असेल, किंवा एकाच डीलरचा माल त्याच्या डब्यांत जास्त दिसत असेल, तर बाकीची चौकशी करण्यात वेळ घालवू नये असं मी म्हणेन. मोठ्या कंपन्यांत नाणं कोणाचं आहे हे ग्रेडरला कळू देत नाहीत, ते उगीच नाही.

आता एक तपासणी जी आपण दुकानात उभ्याउभ्या करू शकतो, आणि जिच्यापुढे होलोग्राम फिका पडतो. लेबल वाचा आणि नाण्याशी ताडून पाहा. पाचव्या जॉर्जचा रुपया असेल तर मागची बाजू भिंगाखाली धरा, अगदी खाली, तळाच्या कमळाच्या फुलाखालच्या मोकळ्या जागेत. तिथे मोहरीएवढाही नाही असा उठावदार ठिपका असेल तर नाणं मुंबई टांकसाळीचं, नसेल तर कलकत्त्याचं. लेबलवर कलकत्ता लिहिलंय आणि ठिपका तुमच्याकडे बघतोय, असं झालं तर ग्रेडरने नाण्याची मागची बाजू नीट पाहिलेलीच नाही. त्याने दिलेल्या 66 ला काय अर्थ उरला? व्हिक्टोरियाच्या 1840 च्या रुपयाचंही तेच. राणीच्या डोक्याभोवतीची अक्षरं सलग आहेत की दोन्ही बाजूंना विभागलेली, यावरून दोन प्रकार पडतात आणि लेबलवर प्रकार लिहायला हवा. तिसरी खूण ‘रिस्ट्राइक’ची. आपल्या टांकसाळी जुन्या ठशांवरून संग्राहकांसाठी नाणी नव्याने पाडून देत, हे 1970 पर्यंत चाललं. मूळ प्रूफ नाणं आणि असं मागाहून पाडलेलं नाणं यांच्या भावांत जमीन-अस्मानाचा फरक. हा भेद ज्या कंपनीच्या लेबलांवर कुठेच दिसत नाही, तिला भारतीय नाण्यांतलं फारसं कळत नाही असं खुशाल धरून चाला.

नाण्याचा पृष्ठभाग डबीतूनही वाचता येतो. ट्यूबलाइट नको, एकच पिवळा बल्ब हवा. डबी तिरपी धरून हळूहळू फिरवा. कोऱ्या नाण्यावर उजेडाचा पट्टा नाण्याबरोबर गोल फिरतो आणि अक्षरांच्या मधल्या जागेतूनही सलग जातो. घासलेल्या नाण्यावर पट्टा फिरत नाही, एक पांढुरकी चमक जागच्या जागी बसून राहते, आणि दहापटीच्या भिंगाखाली तिच्यात एकाच दिशेच्या केसासारख्या रेघा दिसतात. रेघ प्लास्टिकवरची की नाण्यावरची, अशी शंका आली तर डबी किंचित कलती करा: प्लास्टिकवरची रेघ नाण्यावरून सरकते, नाण्यावरची जागा सोडत नाही. मग राजाची दाढी, कान आणि झग्यावरच्या साखळीतला हत्ती बघा. झीज आधी तिथे लागते. (1911 च्या रुपयावर हाच हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली, बहुतेक नाणी वितळवली गेली आणि 1912 मध्ये हत्तीची सोंड नीट काढावी लागली. त्यामुळे 1911 च्या रुपयावर हत्तीकडे सगळेच बघतात, झिजेकडे बघायचं मात्र राहून जातं.)

एवढं करून कंपनी बरी वाटली तरी भाव कोणता द्यायचा हा प्रश्न उरतो. त्याचं उत्तर विक्रेत्याच्या छापील यादीत नाही. त्या कंपनीच्या डबीतलं तसंच नाणं लिलावात प्रत्यक्ष कितीला गेलं ते शोधा, आणि तेच नाणं, तोच आकडा, पीसीजीएस किंवा एनजीसीच्या डबीत कितीला गेलं ते शेजारी मांडा. अनोळखी डबीतला 66 जर मोठ्या कंपनीच्या 63 च्या भावाने जात असेल, तर बाजाराने त्या कंपनीचं ग्रेडिंग आधीच करून ठेवलंय. लिलावात तसं नाणं कधी आलंच नसेल तर विक्रेत्याला विचारा: ‘हेच नाणं याच ग्रेडला महिन्याभराने दहा टक्के कमी भावाने परत घ्याल का?’ उत्तर येण्याआधी तो डबीकडे बघतो की तुमच्याकडे, तेवढं बघा.

मग सगळी नाणी सरळ अमेरिकेला का पाठवू नयेत? कारण 1972 चा पुरावशेष कायदा. शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं पुरावशेषात मोडतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही, मग ग्रेडिंगसाठी का असेना. 1911 चा रुपया 2011 पासून त्या रेषेपलीकडे गेला, 1939 चा 2039 मध्ये जाईल. ‘आम्ही बाहेरून करून आणतो’ असं जुन्या नाण्याबद्दल कुणी सांगत असेल तर त्या फंदात पडू नका. या कायद्यामुळेच देशी, छोट्या ग्रेडिंग सेवांना खरी गरज आणि खरी जागा आहे, म्हणून त्यांना एका फटक्यात मोडीत काढणं मला पटत नाही.

उलट शिवराईसारख्या हाताने ठोकलेल्या नाण्यांत मोठ्या परदेशी नावाचा उपयोग आणखी कमी. ठसा तांब्याच्या तुकड्याहून मोठा, त्यामुळे ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपती’ ही अक्षरं पूर्ण उमटलेली क्वचितच मिळतात. झीज, ठशाची घसरण आणि मातीतला गंज हे तिन्ही एका आकड्यात कोंबले तर तो आकडा काहीच सांगत नाही. एनजीसीने प्राचीन नाण्यांसाठी ठोक आणि पृष्ठभाग यांना पाचपैकी वेगळे गुण द्यायची सोय केली, हे शहाणपणाचं. पण त्याच विभागाच्या हमीत नाणं अस्सल असल्याची हमी येत नाही, हेही त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलंय. अशा नाण्याबाबत शिवरायांच्या आणि पेशव्यांच्या काळातली हजारो नाणी हाताळलेल्या माणसाने लेबलवर ‘अक्षरांचा अमुक प्रकार, गंज साफ केलेला’ असं दोन ओळींत लिहून खाली सही केली, तर मी त्या सहीला 70 पैकी कुठल्याही आकड्याहून जास्त पैसे देईन. कंपनी लहान असेना का. ग्रेडरची नावं ती उघड करते का आणि त्यांनी नाण्यांवर काही लिहिलंय का, एवढं पाहावं. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणेसंशोधन संस्थेसारख्या ठिकाणी ऊठबस असलेल्या एखाद्या अभ्यासकाला त्या नावांबद्दल विचारलं तरी बरंच कळतं.

शंका फिटली नाही आणि नाणं तरी हवंच असेल, तर डबी नाही असं समजून सुट्या नाण्याचा भाव द्या. पावतीवर ‘नाणं खोटं निघाल्यास पूर्ण रक्कम परत’ एवढं लिहून घ्या आणि डबी फोडून तपासली तरी ही अट लागू राहील हेही त्यातच घाला. बरेच विक्रेते पहिल्या वाक्याला तयार होतात आणि दुसऱ्याला हात वर करतात. तयार झाला तर घरी येऊन डबीची कड चिमटा-कटरने हळूहळू तोडा, नाण्यावर घाव न घालता. लेबल जपून ठेवा, आणि नाणं पाण्यात तोला.

पुढच्या भागात शिवराईच्या अक्षरांचे प्रकार.