पोवळ्यांना हवा निळा उजेड

बीड जिल्ह्यातल्या कड्याहून समुद्र पाहायचा, तर घाट उतरून थेट कोकण गाठावं लागतं. अशा गावी काचेच्या टाकीत पोवळी जगवायची, तर खारं पाणी केलं म्हणजे झालं का? छे! समुद्रातला उजेडही करावा लागेल.

तो कसा असतो? पाण्यात शिरलेल्या उन्हातला तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच विरतो. निळा मात्र खूप खोल जातो. विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटरवर, भर समुद्रात ‘आंग्रिया बँक’ आहे. पैशांची बँक नव्हे हं, पाण्याखालचं पठार! त्याच्या माथ्यावर सुमारे २० मीटर पाणी आहे. तिथली पोवळी निळसर उजेडातच वाढतात.

पोवळं हा प्राणी आहे. त्याच्या अंगात राहणारं सूक्ष्म शैवाल उजेडावर साखर बनवतं आणि त्यालाही भरवतं. म्हणून परदेशातले हौशी लोक टाकीवरच्या एलईडी दिव्यांत निळा जास्त, पांढरा बेताचा आणि तांबडा नावापुरता ठेवतात. नवा दिवा ते एकदम पूर्ण लावत नाहीत. उजेड काही आठवडे हळूहळू वाढवतात. एकदम झगझगाट झाला, तर शैवाल निघून जातं, पोवळं पांढरंफटक पडतं आणि उपासमारीनं मरूही शकतं. रात्री अंधारही हवाच.

आपल्याकडे मात्र १९७२च्या वन्यजीव कायद्यानं प्रवाळखडक बांधणाऱ्या पोवळ्यांना संरक्षण आहे. समुद्रातून त्यांचा तुकडा आणणंसुद्धा गुन्हा! तेव्हा घरच्या टाकीत मासे पाळा. पोवळ्यांना त्यांच्या निळ्या घरीच राहू द्या.