छात्राध्यापकांच्या नजरेतले मुख्याध्यापक

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला आणि त्यांतील किमान २० आठवडे छात्राध्यापकाने प्रत्यक्ष शाळेत घालवावेत असे बंधन घातले, तेव्हापासून मुख्याध्यापक हा अधिकारी त्याला पुष्कळच जवळून पाहावयास मिळू लागला आहे.

प्रारंभी ही दृष्टी विद्यार्थ्याचीच असते. ज्याच्या दालनात शिरताना आवाज आपोआप खाली येतो आणि ज्याच्या सहीशिक्क्यावाचून आंतरवासितेचे प्रमाणपत्र हाती पडत नाही, असा एक हाकीम, एवढेच ते स्वरूप. पुढे युडायस या शासकीय प्रणालीत भरावयाची शाळेची माहिती, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब आणि खात्याची परिपत्रके यांत दिवसभर बुडालेला हा गृहस्थ पाहून, पाठ्यपुस्तकात वर्णिलेले शैक्षणिक नेतृत्व ते हेच काय, असा प्रश्न छात्राध्यापकाला पडतो, आणि भीतीची जागा किंचित अवहेलना घेते.

हा निवाडा मात्र उतावळा होय. दाखल्यावरील जन्मतारीख बदलून मागणाऱ्या पालकासमोर जनरल रजिस्टर उघडून, नोंदीवर बोट ठेवून, खात्याच्या मंजुरीवाचून हिला हात लावता येत नाही, हे न चिडता तिसऱ्यांदा समजावून सांगणारा मुख्याध्यापक ज्याने पाहिला, त्याला दप्तर सांभाळणे म्हणजे मुलाचे भवितव्य सांभाळणे आहे, हे उमगते.

तथापि खरी कसोटी वर्गातच लागते. रजेवरील शिक्षकांचे तास भरून काढणारी फुकटची माणसे म्हणून जेथे छात्राध्यापकांना राबविले जाते, तेथे आदर उरत नाही. उलट, मागच्या बाकावर पूर्ण तास बसून, पाठटाचणावर ‘पाठ चांगला झाला’ असा ठोकळेबाज शेरा मारण्याऐवजी, ‘प्रश्न नेमका विचारलात, पण उत्तरासाठी थांबला नाहीत’ एवढे एकच वाक्य जो बोलतो, त्याची आठवण नोकरीभर पुरते.

म्हणून प्रत्येक छात्राध्यापकाचा निदान एक पाठ मुख्याध्यापकांनी स्वतः पाहावा, आणि छात्राध्यापकानेही एक दिवस कार्यालयात बसून दप्तर समजून घेण्याची अनुज्ञा मागावी. कारण महाराष्ट्रातील खासगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे मुख्याध्यापकपद सामान्यतः सेवाज्येष्ठतेने मिळते, आणि आज टीका करणाऱ्यांपैकीच कोणाला तरी उद्या ती खुर्ची सांभाळावयाची आहे.