पासवर्ड विसरला म्हणून फॉरमॅट करू नका

मार्च जवळ आला की गटांची हिशेब पुरे करायची घाई असते. नेमका तेव्हाच फोन येतो : जुन्या सचिव ताई सासरी गेल्या, संगणकाचा पासवर्ड त्यांनाही आठवत नाही, आणि दुरुस्तीवाला म्हणतो, "फॉरमॅट करावं लागेल." आम्ही चेंबूरच्या गटांना सांगतो तेच तुम्हालाही सांगतो, लगेच हो म्हणू नका. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं. कर्जाच्या, हप्त्यांच्या सगळ्या नोंदी त्यात जातात.

आजचं बोलणं लिनक्सच्या संगणकांबद्दल आहे, म्हणजे उबंटू किंवा आपल्या सी-डॅकची बॉस प्रणाली. विंडोजवर ही युक्ती चालत नाही. तिथला सेफ मोडही पासवर्ड मागतोच.

पूर्वी युनिक्सच्या एकाच मोठ्या संगणकावर कितीतरी माणसं एकाच वेळी काम करत. दुरुस्तीच्या वेळी बाकी सगळ्यांना बाहेर ठेवून एकट्यानं आत जायची सोय होती. तोच सिंगल यूजर मोड, आणि लिनक्सनंही तो ठेवला. पंगत उठल्यावर दार लावून एकटीनं स्वयंपाकघर आवरावं, तसं.

संगणक सुरू करा आणि कंपनीचं चिन्ह दिसताच शिफ्ट दाबून धरा. नव्या यंत्रावर त्याऐवजी एस्केप एक-दोनदाच दाबा. फार वेळा दाबलं तर नुसता 'ग्रब' शब्द असलेला काळा पडदा येतो; घाबरू नका, बंद करून पुन्हा सुरू करा. यादी येतच नसेल तर आधी कीबोर्ड बघा. बिनवायरचा कीबोर्ड या घडीला बऱ्याचदा जागाच झालेला नसतो, वायरचा लावा. यादीत 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', त्यात 'रिकव्हरी मोड', मग 'रूट' निवडा.

काही ठिकाणी इथे 'रूट खातं बंद आहे' असा इंग्रजी संदेश येऊन गाडी अडते. मग परत त्या यादीवर जा, पहिल्या ओळीवर ई दाबा. 'लिनक्स' शब्दानं सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटी एक जागा सोडून आय-एन-आय-टी, बरोबरचं चिन्ह, तिरपी रेघ, बी-आय-एन, तिरपी रेघ, बी-ए-एस-एच असं सलग लिहा आणि कंट्रोल-एक्स दाबा. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, त्यामुळे यंत्र बिघडायची भीती नाही.

आत गेल्यावर डिस्क बहुधा फक्त वाचता येते. ती लिहिण्यासाठी उघडायची : माउंट, जागा, वजा ओ, जागा, रिमाउंट स्वल्पविराम आर-डब्ल्यू (मध्ये जागा नको), जागा, तिरपी रेघ. हे राहिलं तर नवा पासवर्ड बसतच नाही. खात्याचं नाव माहीत नसेल तर एल-एस, जागा, तिरपी रेघ, होम लिहा, नावं दिसतील. मग पी-ए-एस-एस-डब्ल्यू-डी, जागा आणि ते नाव. नवा पासवर्ड दोनदा विचारला जातो. लिहिताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडला असं बायकांना इथेच वाटतं. शेवटी एस-वाय-एन-सी, एंटर, आणि रिबूट, जागा, वजा एफ.

डिस्कलाच कुलूप असेल, म्हणजे ती एन्क्रिप्ट केलेली असेल, तर तो वेगळा पासवर्ड लागतोच.

आता खरी काळजीची गोष्ट. आपल्याला जे दार उघडतं, ते संगणकापाशी बसलेल्या कुणालाही उघडतं. म्हणून संगणकाची खोली कुलपात हवी. हे काम अध्यक्ष आणि आणखी एक सभासद समोर असतानाच करा, आणि कुणी, कधी, का केलं ते बैठकीच्या वहीत सह्यांसह लिहा. नवा पासवर्ड बंद पाकिटात घालून पैशांच्या पेटीत ठेवा. लिनक्स मुळापासून शिकायचं असेल तर पवईच्या आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठी धडे फुकट मिळतात. एकीनं बघण्यापेक्षा दोघी-तिघींनी मिळून बघा.