मागच्या अ‍ॅक्सलचा सूर ओळखा

पिकअप वेग घेताच मागून ‘ऊंऽऽ’ असा सूर येऊ लागला, की बरेच जण आधी टायर बदलतात. त्याआधी नीट कान द्या. डांबरी आणि सिमेंटच्या रस्त्यावर आवाज वेगळा येत असेल, तर टायर बघा. वळणावर घरघर वाढली, तर चाकाचे बेअरिंग. पण अ‍ॅक्सिलरेटर दाबताच सूर चढतो आणि सोडताच बदलतो, तर संशय डिफरन्शियलमधल्या क्राउन-पिनियनवर.

या गिअरचे दात एकमेकांवर फिरतात तसेच घासतातही, म्हणून मध्ये तेलाचा थर हवाच. आधी तेल काढून पाहा. ड्रेन प्लगच्या चुंबकावरची करडी, मऊ पेस्ट ही नेहमीची झीज. बोटाला टोचणारे तुकडे म्हणजे दात किंवा बेअरिंग फुटू लागले. तेल कमी असेल तर गळका सील बदला आणि कंपनीने सांगितलेल्या दर्जाचेच तेल भरा.

झिजलेले दात मात्र तेलाने भरून येत नाहीत. क्राउन आणि पिनियन जोडीनेच जुळवलेले असतात. बदलायचे तर दोन्ही बदला. बसवताना दातांना रंग लावून ठसा मधोमध उमटतो का ते पाहतात, डायल गेजने दातांमधली मोकळीक मोजतात आणि शिम घालून ती जुळवतात. बहुतेक गाड्यांत हे माप मिलिमीटरच्या काही दशांशांपलीकडे जात नाही. मेकॅनिकने या कामाला वेळ मागितला तर द्या. घाईत बसवलेला नवा सेटही ओरडतो.