नेट नसताना मोबाइलवर रानाची उंची: आकडा कुठं चालतो, कुठं नाही



रब्बीची काढणी उरकत आली. आता पाइपलाइन, शेततळं, बांधबंदिस्तीची कामं निघतील. बरेच जण मोबाइलच्या नकाशावर उंची बघून जागा ठरवताहेत आणि स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकताहेत. चांगलंच आहे. पण त्या आकड्यावर किती पैसा लावायचा ते आधी कळू द्या, म्हणून हा जरा लांबलेला मेसेज.

लोकस मॅप, ऑसमअँड अशा ॲपमध्ये नकाशा उतरवला म्हणजे उंची आली असं नसतं. उंचीची फाइल वेगळी उतरवावी लागते. बऱ्याच ॲपमधली ही माहिती मुळात फेब्रुवारी २००० मधली आहे. नासाच्या एंडेव्हर यानानं ११ दिवस रडारनं जमीन मोजली, ती. त्यात साधारण दर ३० मीटरला एक आकडा आहे. आपल्या हिशोबात नऊ गुंठ्यांना एक, एकरात चार-पाच. मधल्या जागी ॲप अंदाजानं भरतं. शिवाय तुम्ही दहा वर्षांपूर्वी जेसीबी लावून सपाट केलेलं रान त्या फाइलीत अजून चढउताराचंच आहे, आणि दाट झाडी असेल तिथं जमिनीऐवजी शेंड्याजवळची उंची धरली गेलेली असू शकते.

फाइल चौकोनी तुकड्यांत मिळते. एक अंश अक्षांश, एक अंश रेखांश, म्हणजे सुमारे ११० बाय १०५ किलोमीटर. नावात चौकोनाच्या खालच्या डाव्या कोपऱ्याचा पत्ता असतो. संगमनेरसाठी इंग्रजी एन, पुढं १९, मग ई, पुढं ०७४. भंडारदऱ्याकडचं रान असेल तर ०७३. अकोले तालुक्यातून ७४ ची रेघ जाते, त्यामुळं तिकडच्या सभासदांनी दोन्ही घ्यावेत. नाहीतर अर्ध्या शिवारात उंची दिसते आणि अर्ध्यात गायब होते. सविस्तर मोजणीचा एक चौकोन उघडला की २६ एमबी होतो. पूर्ण राज्य घ्याल तर एक जीबीच्या आसपास. कशाला? आपला चौकोन ठेवा, बाकीचे काढून टाका. काही ॲप राज्याची एकच फाइल देतात, तिथं आधी जागा बघा.

उतरवायचं घरी वायफायवर. मग फोन फ्लाइट मोडवर टाकून नकाशावर आपल्या विहिरीवर बोट ठेवा. उंची आली तर रानात येईल. आणि ॲप काढून टाकलं की फाइलीही सहसा सोबत जातात, तेव्हा फोन बदलताना विसरू नका.

आता गोंधळाची गोष्ट. फोन दोन वेगळ्या उंची दाखवू शकतो, एक फाइलीतली आणि एक थेट जीपीएसची. जीपीएसचा कच्चा आकडा समुद्रसपाटीपासून नसतो. आपल्या भागात तो पन्नास मीटरहून जास्त कमी येतो. मुंबईत समुद्राकाठी उभं राहून फोन उणे आकडा दाखवतो तो यामुळंच, फोन बिघडलेला नसतो. एक आकडा इथला आणि दुसरा तिथला घेऊन वजाबाकी केलीत तर सगळाच घोटाळा. रेल्वे स्टेशनच्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. कधी गेलात तर फोनशी ताडून बघा.

पाइपलाइनला ही माहिती खरंच कामाची आहे. समजा फाइलीत विहीर ६१० मीटर आणि वरचं रान ६४८. फरक ३८. दर दहा मीटर चढाला सुमारे एक किलो दाब लागतो, म्हणजे नुसत्या चढाचे ३.८ किलो. त्यात पाइपातलं घर्षण, मोटर बंद होतानाचा पाण्याचा झटका, आणि वर ठिबक चालवायचं तर आणखी सुमारे एक किलो. चार किलोचा पाइप इथं फुटणारच. शिवाय फाइलीतला ३८ प्रत्यक्षात ३० असेल किंवा ४५. पाइप ४५ धरून घ्या, म्हणजे सहा किलोचा. आणि मोटर घेण्याआधी चढ नीट मोजून घ्या. दुकानदाराला फक्त एचपी सांगू नका, चढ आणि पाइपाची लांबी सांगा.

डोंगराचं पाणी शिवारात कुठून उतरतं, शेततळ्यासाठी कुठली बाजू आधी बघायची, हेही नकाशावर छान कळतं.

पण बांध, समतल चर, तळ्याचा सांडवा? तिथं हा आकडा वापरायचा नाही. समतल चराची रेघ मीटरभर जरी वरखाली झाली तरी पहिल्याच मोठ्या पावसात पाणी एका टोकाला गोळा होऊन चर फुटतो, आणि खालच्याची माती जाते. भावकीत भांडण वेगळंच. तिथं गवंड्याकडची पाण्याची नळी बरी. पंधरा-वीस मीटर पारदर्शक नळी, दोन्ही टोकांना टेप बांधलेल्या काठ्या, नळीतले बुडबुडे काढायचे आणि दोघांनी मोजत जायचं. चार-पाच एकराला एक सकाळ पुरते. मोठं काम असेल तर डंपी लेव्हलवाला बोलवा. जेसीबीच्या भाड्यापुढं ते पैसे काही नाहीत.

येत्या बुधवारी सकाळी १० ते १ संकलन केंद्रावर फाइली उतरवून देऊ. फोन चार्ज करून आणा, किमान २०० एमबी जागा मोकळी ठेवा आणि गट नंबर सोबत असू द्या. पैसे मागणारं ॲप कुणीही त्याआधी विकत घेऊ नये.