नऊ परदेशी संघांचा बचावपटू : ताल बेन हाईम

मुंबईच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स चषकाचे सामने पाहिलेले आपल्यातील वडीलधारे त्या वेळच्या आघाडीवीरांची नावे आजही घडाघडा सांगतील. बचावफळीत कोण कोण होते असे विचारले, तर मात्र त्यांना क्षणभर थांबावे लागेल. यात नवल नाही. प्रेक्षकाची नजर चेंडूबरोबर धावते, आणि बचावपटूचे निम्मे काम चेंडू जेथे नसतो तेथे चाललेले असते. त्याने योग्य वेळी योग्य जागा धरली म्हणजे प्रतिपक्षाच्या आघाडीवीराकडे चेंडू पोहोचतच नाही. काही घडले नाही, हीच त्याच्या यशाची खूण. आणि काही घडलेच, तर त्याचे खापर बहुधा त्याच्याच माथी फुटते.

अशा या कमी श्रेयाच्या धंद्यात, २००४ ते २०१५ या अकरा वर्षांत, परदेशातील नऊ संघांकडून खेळलेला आपल्या देशाचा गडी म्हणजे ताल बेन हाईम. (हाईम हे नाव आपल्या घरांतून परके नाही.) तो महान खेळाडू होता, असा आमचा दावा नाही. त्याच्या नावावर गोल नाहीत म्हटले तरी चालेल, आणि त्याच्या तसबिरी मुलांनी भिंतीवर लावल्याचे आमच्या पाहण्यात नाही. परंतु आपले कसब गाठोड्यात बांधून गावोगाव फिरणाऱ्या कारागिराचे आयुष्य कसे असते, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने या गड्याची कारकीर्द अवश्य पाहावी.

बेन हाईमचा जन्म ३१ मार्च १९८२ रोजी रिशोन लेझियन येथे झाला. मक्काबी तेल अवीवच्या बाल व कुमार संघांतून तो वर आला, आणि २००२-०३ च्या हंगामात तो संघ राष्ट्रीय विजेता ठरला तेव्हा बचावफळीत त्याची जागा पक्की झालेली होती. २००४ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधील बोल्टन वाँडरर्स या संघाने त्याला घेतले. मक्काबीला मिळालेली रक्कम सुमारे दीड लाख पौंड असल्याचे त्या वेळी छापून आले होते. फुटबॉलच्या बाजारात एवढ्या पैशांत चांगल्या खेळाडूचा डावा बूटसुद्धा येत नाही!

बोल्टन हे सूतगिरण्यांचे गाव. सॅम्युएल क्रॉम्प्टनने १७७९ साली सूत कातण्याचे आपले प्रसिद्ध यंत्र तेथेच सिद्ध केले. गिरण्या कधीच बंद पडल्या. मागे राहिला तो १८७४ साली स्थापन झालेला फुटबॉल संघ. त्याचे व्यवस्थापक सॅम ॲलर्डाइस यांची रीत अशी, की इतरांनी म्हातारा, लहरी किंवा निरुपयोगी ठरवलेला खेळाडू स्वस्तात आणावयाचा आणि त्याच्याकडून काम करून घ्यावयाचे. रेआल माद्रिदचे माजी खेळाडू इव्हान कॅम्पो व फर्नांडो हिएरो, नायजेरियाचा जे-जे ओकोचा अशी देशोदेशीची मंडळी त्या थंड, पावसाळी गावात जमली होती. सामन्याचे चित्रण करून प्रत्येकाची धाव मोजली जाई. कॉर्नर किकच्या वेळी कोणी कोठे उभे राहावयाचे, हे आधीच ठरलेले असे. बेन हाईमला हे वातावरण मानवले. तो फार उंच नव्हता, फार वेगवानही नव्हता. पण चेंडू कोठे पडणार याचा अंदाज त्याला इतरांपेक्षा अर्धा क्षण आधी येई, आणि बचावपटूला तेवढे पुरते.

त्या पहिल्याच हंगामात बोल्टन सहावे आले. त्यांचे गुण ५८, म्हणजे त्याच महिन्यात इस्तंबूलला युरोपचा चषक जिंकणाऱ्या लिव्हरपूलइतकेच. सव्वाशे वर्षांच्या इतिहासात प्रथमच बोल्टनला युरोपीय स्पर्धेचे दार उघडले. इकडे आपल्या राष्ट्रीय संघातही तो याच सुमारास स्थिरावला. २००६ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत इस्रायलने दहापैकी चार सामने जिंकले, सहा बरोबरीत सोडवले आणि एकही गमावला नाही. तरीही तिसऱ्या क्रमांकामुळे संघ घरीच राहिला. फ्रान्स, आयर्लंड आणि स्वित्झर्लंड यांच्या गटात एकदाही न हरणे हे पुष्कळसे बचावफळीचे काम होते. आमच्या मते बेन हाईमच्या कारकिर्दीतील हीच तीन वर्षे सर्वांत सुखाची.

पुढे काय झाले ते समजण्यासाठी एक नियम ध्यानात घ्यावा लागतो. डिसेंबर १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाने बेल्जियमच्या झाँ-मार्क बोस्मान या खेळाडूच्या दाव्यात असा निकाल दिला, की कराराची मुदत संपलेला खेळाडू जुन्या संघाला एक पैही न देता दुसरीकडे जाऊ शकतो. साहजिकच संघाचा जो पैसा वाचतो त्याचा काही भाग खेळाडूच्या पगारात जातो. २००७ साली बोल्टनचा करार संपताच बेन हाईम याच वाटेने चेल्सीला गेला. तेथे जॉन टेरी आणि रिकार्दो कार्व्हाल्यो ही बचावाची जोडी ठरलेली. सप्टेंबरात व्यवस्थापक जोझे मोरिन्यो गेले आणि त्यांच्या जागी आपले अव्राम ग्रँट आले, तेव्हा इकडे अनेकांना वाटले की आता पोराचे दिवस पालटणार. तसे घडले नाही. लीगचे ३८ पैकी १३ सामने तेवढे त्याच्या वाट्याला आले.

जुलै २००८ च्या अखेरीस तो मँचेस्टर सिटीत गेला. महिना उलटला नाही तोच, १ सप्टेंबर रोजी, तो संघ अबू धाबीच्या धनिकांनी विकत घेतला. रातोरात जगातील श्रीमंत संघांत गणना झालेल्या त्या घरात महिन्यापूर्वीचा नवा गडी जुना झाला. फेब्रुवारी २००९ मध्ये त्याची रवानगी उसनवारीवर संडरलंडला झाली. सामानाच्या पेट्या उघडाव्यात की तशाच ठेवाव्यात असा प्रश्न त्या दोन वर्षांत त्याला पडला असेल काय, हे कुटुंबासह देश बदललेल्या आपल्या वाचकांनीच ठरवावे.

सप्टेंबर २००९ मध्ये त्याने पोर्टस्मथ संघाशी चार वर्षांचा करार केला. आता या प्रकरणी थोडे थांबणे भाग आहे.

पोर्टस्मथ हे आरमाराचे बंदर, आणि तेथील लोक आपल्या संघावर जीव टाकणारे. २००८ साली त्यांनी एफ. ए. चषक जिंकला होता. परंतु तो चषक ज्या पैशांवर उभा होता ते पैसे संघाचे नव्हते. २००९-१० च्या एकाच हंगामात मालक लागोपाठ बदलले, खेळाडूंचे पगार एकाहून अधिक वेळा रखडले, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये प्रीमियर लीगच्या इतिहासात प्रथमच एका संघाचा कारभार दिवाळखोरीच्या कायद्याखाली प्रशासकाच्या हाती गेला. नऊ गुण कापले गेले आणि संघ खालच्या श्रेणीत गेला. नवल असे, की तोच संघ त्या मे महिन्यात, अव्राम ग्रँट यांच्याच हाताखाली, एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि चेल्सीकडून एका गोलने हरला.

देणेकऱ्यांची यादी प्रसिद्ध झाली तेव्हा लोक अवाक झाले. मैदानावर प्रथमोपचार करणाऱ्या सेंट जॉन ॲम्ब्युलन्सच्या स्वयंसेवकांचेही सुमारे २,७०० पौंड थकले होते. इंग्लिश फुटबॉलचा नियम असा, की खेळाडूंचे व इतर संघांचे देणे पूर्ण फेडल्याखेरीज लीगमध्ये राहता येत नाही. बाकीच्या धनकोंशी झालेल्या समझोत्यात मात्र पौंडामागे २० पेनी ठरले. म्हणजे खेळाडूला रुपयाचा रुपया, आणि जखमेवर पट्टी बांधणाऱ्याला रुपयामागे वीस पैसे!

बेन हाईम २०१०-११ च्या हंगामाचा काही काळ ग्रँट यांच्याकडे वेस्ट हॅमला उसनवारीवर जाऊन परत आला. फेब्रुवारी २०१२ मध्ये पोर्टस्मथ दुसऱ्यांदा प्रशासकाच्या ताब्यात गेले आणि तिसऱ्या श्रेणीपर्यंत घसरले. त्या उन्हाळ्यात प्रशासक ट्रेव्हर बर्च यांनी स्पष्ट सांगितले, की मोठ्या पगाराचे आठ खेळाडू करार सोडून गेले नाहीत तर संघ कायमचा बंद होईल. एकेकाने तडजोड केली. शेवटी उरला तो बेन हाईम. त्याचा पगार आठवड्याला ३६,००० पौंड असल्याचे वृत्तपत्रे लिहीत होती. एकशे चौदा वर्षांचा संघ एका माणसाच्या सहीवाचून मरणार, असा देखावा उभा राहिला, आणि गावाचा सारा राग त्याच्यावर केंद्रित झाला. १० ऑगस्टला त्यानेही तडजोड केली. संघ वाचला. हंगामाच्या आरंभी मैदानात उतरली ती बव्हंशी कोवळी पोरे.

त्याला हावरा म्हणणारे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांच्यात नाही. परंतु आम्हास त्याची बाजूही सरसकट घेता येत नाही. करारावर दोन सह्या असतात. आकडा मान्य करणाऱ्या मालकाने तो देता येईल की नाही याचा विचार केला नाही, हा दोष खेळाडूचा नव्हे. उपाहारगृहातील नोकर वा कारखान्यातील फिटर आपला ठरलेला पगार मागतो तेव्हा आपण त्याला हावरा म्हणत नाही. तथापि, त्या फिटरच्या मजुरीपायी गावातील छपाईवाल्याचे बिल बुडत नाही. मक्काबी तेल अवीवचाच जुना बचावपटू, १९७९ साली लिव्हरपूलला जाऊन इंग्लंडची वाट उघडणारा अवी कोहेन, उत्तरायुष्यात इस्रायलच्या व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या संघटनेचा अध्यक्ष होता. खेळाडूचा करार पाळला गेला पाहिजे यासाठी तो झटे. डिसेंबर २०१० मध्ये मोटारसायकलच्या अपघातात त्याचे निधन झाले. या प्रकरणी त्याने काय म्हटले असते, हे ऐकावयास आम्हास आवडले असते.

एप्रिल २०१३ मध्ये पोर्टस्मथचा संघ त्याच्या पाठीराख्यांनी वर्गणी काढून स्वतःच विकत घेतला. तोपर्यंत बेन हाईम लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्समध्ये अल्प मुदतीचे काम करीत होता. नंतर एक हंगाम बेल्जियमच्या स्टँडर्ड लिएजमध्ये, आणि २०१४ पासून वर्षभर चार्लटनमध्ये. या दोन्ही संघांचा मालक त्या वेळी एकच होता, त्यामुळे हा प्रवास एका कंपनीच्या दोन शाखांमधील बदलीसारखा झाला. मध्येच तेथे प्रशिक्षक म्हणून लिएजचेच आपले गाय लुझॉन येऊन ठेपले.

२०१५ च्या उन्हाळ्यात, तेहतिसाव्या वर्षी, तो मक्काबी तेल अवीवला परतला. तेथे त्याच्याच नावाचा दुसरा ताल बेन हाईम, १९८९ साली जन्मलेला आघाडीचा खेळाडू, आधीच होता. बातमीदारांना एकाला पहिला व दुसऱ्याला दुसरा म्हणावे लागे. त्या वर्षी मक्काबीने बासेलला मागे टाकून चँपियन्स लीगच्या गटात प्रवेश मिळवला, आणि चिठ्ठीत कोण निघाले? चेल्सी. लंडनला चार गोलांनी हार झाली.

२४ नोव्हेंबर रोजी हैफाच्या सॅमी ओफर मैदानावर चेल्सी परत आली. आरंभीच एक गोल झाला होता. मध्यंतरास चार मिनिटे असताना दिएगो कोस्टा या चेल्सीच्या दांडग्या आघाडीवीराशी झटापट झाली, बेन हाईमचा पाय सुटला आणि तो कोस्टाला लागला. पंचांनी लाल पत्रक काढले. दहा गड्यांच्या मक्काबीवर त्यानंतर आणखी तीन गोल झाले.

त्यानंतरही तो काही वर्षे खेळतच राहिला. बेतार येरुशलायिमचा पिवळा-काळा गणवेशही त्याने घातला. देशाकडून त्याने नव्वदहून अधिक सामने खेळले.