पंप चालतो, पण क्लोरीन पोहोचतो का?

नळाच्या पाण्याला येणारा क्लोरीनचा मंद वास ही ते निर्जंतुक केल्याची खूण मानली जाते. लहान जलशुद्धीकरण केंद्रे, मोठी गृहसंकुले आणि जलतरण तलाव अशा अनेक ठिकाणी हा क्लोरीन सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणातून मिळतो आणि ते द्रावण मोजून सोडण्याचे काम डोसिंग पंप करतो. हा पंप बंद पडला तर ते चटकन लक्षात येते. तो चालू असूनही कमी रसायन सोडत असेल, तर मात्र सहसा कोणाला कळत नाही. अशा वेळी पहिला संशय घ्यावा तो झडपांवर.

या पंपात एक लवचिक पडदा मागे-पुढे होतो. तो मागे गेला की खालच्या झडपेतून द्रावण आत येते. पुढे आला की वरच्या झडपेतून बाहेर ढकलले जाते. प्रत्येक झडपेत एक छोटी गोळी आपल्या बैठकीवर टेकून परतीची वाट बंद करते. गोळी आणि बैठक यांच्यामध्ये कणभर कचरा अडकला तरी द्रावण मागे झिरपते. पंपाची टकटक सुरूच राहते, मात्रा मात्र घटते.

हायपोक्लोराइटच्या बाबतीत हा धोका अधिक असतो. हे द्रावण कठीण पाण्यात मिसळले की कॅल्शियमचे क्षार तयार होऊन झडपांवर बसतात. शिवाय द्रावणाचे हळूहळू विघटन होऊन वायूचे बुडबुडे सुटतात. ते पंपात साचले, तर पडद्याचा जोर द्रावण ढकलण्याऐवजी वायू दाबण्यातच खर्ची पडतो.

याचा परिणाम किती गंभीर असतो, ते एका हिशेबावरून स्पष्ट होईल. समजा, ताशी १ लाख लिटर पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन सोडायचा आहे. लिटरमध्ये १०० ग्रॅम क्लोरीन असलेले द्रावण त्यासाठी ताशी २ लिटर लागेल. पाण्यातील अशुद्धी त्यातील १.२ मिलिग्रॅम क्लोरीन संपवत असेल, तर ०.८ मिलिग्रॅम शिल्लक राहतो. झडप गळून मात्रा ४० टक्क्यांनी घटली, तर शिल्लक ४० टक्क्यांनी घटत नाही. ती शून्यावर येते. 'भारतीय मानक १०५००'च्या २०१२ च्या आवृत्तीनुसार क्लोरीनयुक्त पाण्यात ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असायला हवा.

झडपांची स्वच्छता फार अवघड नाही, पण तिचा क्रम चुकवू नये. प्रथम वीजपुरवठा तोडावा, नळीतील दाब सोडावा आणि हातमोजे व चष्मा वापरून पंप भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावा. क्षार काढण्यासाठी सौम्य आम्ल चालते. परंतु हायपोक्लोराइटचा अंश उरला असताना आम्ल घातल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो. त्यामुळे आधी धुणे अनिवार्य आहे. झडपा उघडताना भागांचा क्रम नोंदवून ठेवावा. घासण्यासाठी मऊ ब्रश वापरावा. तार किंवा स्क्रूड्रायव्हरने पडलेला ओरखडाही गळतीला पुरेसा ठरतो. झिजलेली गोळी, बैठक आणि ओ-रिंग बदलावी. झडप पुन्हा बसवताना तिच्यावरील बाण प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे वरच्या बाजूला असावा. प्लास्टिकचे आटे अति आवळल्यास तडकतात, हेही लक्षात ठेवावे.

टाकीतील गाळणी आणि पडदाही याच वेळी तपासावा. हेडच्या मागील निचरा-छिद्रातून थेंब येत असतील, तर पडदा फाटल्याची शंका घ्यावी. पडदा, गोळ्या आणि ओ-रिंग ठरावीक मुदतीने बदलण्याची शिफारस उत्पादक करतात. ती मुदत पंपाच्या माहितीपुस्तिकेत पाहावी.

अखेरची कसोटी मोजमापाची. पंपाला मापनळीतून द्रावण ओढू द्यावे आणि मिनिटभरात किती मिलिलिटर ओढले जाते ते पाहावे. वरील उदाहरणात हा आकडा सुमारे ३३ असायला हवा. ही नोंद नियमित ठेवली, तर झडप खराब होत असल्याची सूचना नळाचे पाणी असुरक्षित होण्यापूर्वीच मिळते.